ओढ्याकडच्या वीस खुंट्या

ताईने आयुष्यात डोळे झाकून विश्वास ठेवला तो दोनच गोष्टींवर. एक म्हणजे स्वतःच्या हातातली पेन्सिल आणि दुसरी म्हणजे दादाची वही. पेन्सिलीने तिला कधी दगा दिला नाही, हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे उगाच तुमचा जीव टांगणीला लागायला नको.

दोघं सख्खी भावंडं, एकाच कारखान्यात. दादा नऊ वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा ताई शाळेत होती. दादाने तिला शिकवलं, आणि शिकून झाल्यावर हाताला धरून मालकांपुढे उभं केलं. "हिच्या हातात रेघ आहे," एवढंच म्हणाला. मालकांनी तिला नकाशाच्या टेबलावर बसवलं, आणि खरंच, होती रेघ. कारखान्यात तो सगळ्यांचा दादा आणि ती सगळ्यांची ताई. तिला चिमणे म्हणणारा मात्र जगात एकच माणूस उरला होता.

हा कारखाना कापणीयंत्राच्या तोंडाशी जोडायची अवजारं बनवतो. आता तुम्ही म्हणाल त्यात काय मोठंसं. तर ऐका. मसुरासारखं पीक मुळात बुटकं. ते आधी कापून ओळीने जमिनीवरच वाळत टाकतात. वाळलं की यंत्र त्या ओळीवरून जातं, पुढच्या दात्यांनी ते उचलतं आणि पोटात घेतं. हे जे उचलणारं तोंड असतं त्याला सगळे पिकअप म्हणतात. बारा फूट रुंद, स्प्रिंगच्या दात्यांचा फिरता पट्टा. सपाट जमीन असेल तर हे काम कुणीही करेल, पण सपाट जमीन असते कुठे? दाते दोन बोटं वर राहिले तर शेंगा खालीच पडून राहतात. दोन बोटं खाली गेले तर माती, दगड, मुळं, सगळा संसार यंत्राच्या पोटात जातो, आणि मग संध्याकाळपर्यंत पान्हे घेऊन त्याच्याखाली झोपायचं.

म्हणून मालकांच्या वडिलांनी एक रिवाज घालून दिला होता. ज्या शेतासाठी यंत्र बनवायचं, ते शेत आधी चालायचं. चालायचं म्हणजे फेरफटका नव्हे. बारा फुटी सरळ लाकडी पट्टी जमिनीवर आडवी टाकायची, तिच्याखाली जिथे पोकळी दिसेल तिथे इंचाची काठी घालून खोली मोजायची, वहीत आकडा लिहायचा, पाच पावलं पुढे जायचं, पुन्हा पट्टी टाकायची. एक ओळ म्हणजे वहीचं एक पान. ओळ संपली की बांधावर एक खुंटी ठोकायची. तिचं डोकं लाल रंगाचं, आणि त्या ओळीत सगळ्यात खोल खड्डा जितके इंच, तितक्या खाचा तिच्यावर चाकूने पाडायच्या. चालल्याशिवाय खुंटी नाही. वही हरवली तरी बांधाने सांगितलं पाहिजे, असं म्हातारबुवांचं म्हणणं.

हे चालणं बारा वर्षं दादाकडे होतं. तो डावखुरा, त्यामुळे त्याच्या खाचा सगळ्यांच्या उलट बाजूला कललेल्या असत, आणि त्यावरून कारखान्यात त्याची थट्टा चाले. पण त्याची वही म्हणजे वही. कुणी पडताळून पाहिली नाही, पाहायची गरजच कुणाला वाटली नाही. दादा चालायचा आणि ताई काढायची.

यंदाचं काम मोठं होतं. मसूर पिकवणाऱ्यांच्या एका संस्थेला सगळ्या सभासदांसाठी पिकअप हवे होते, आणि त्यांनी अट घातली होती की आमच्यातल्या सगळ्यात वाईट शेतात चालवून दाखवा. ते शेत दादाने वसंतात चालून आणलं. चाळीस ओळी, वीस रस्त्याकडच्या आणि वीस ओढ्याकडच्या. वहीप्रमाणे कुठेही चार इंचांहून खोल खड्डा नव्हता. ताईने सहा महिने टेबलावर मान मोडून काढली ती एका कल्पनेपायी, जी ऐकून मालकसुद्धा खुर्चीतून उठले होते. बारा फुटांचा अख्खा पिकअप ठेवायचाच नाही. त्याचे तीन तुकडे करायचे, मध्ये बिजागऱ्या घालायच्या, आणि प्रत्येक तुकड्याखाली त्याचं त्याचं छोटं चाक. ज्या तुकड्याखाली खड्डा येईल तो तुकडा तेवढाच खाली उतरेल, बाकीचे दोन आपापल्या जागी. उतरायला किती जागा ठेवायची ते एका उभ्या फटीवर, म्हणजे स्लॉटवर, ठरणार होतं. वही म्हणत होती चार इंच, तर ताईने ठेवले पाच. एक इंच देवाच्या नावाने.

ही कल्पना निघाली ती वसंतातच, आणि तेव्हाच मालकांनी संस्थेच्या लोकांना कारखान्यात बोलावलं, ताईला पुढे केलं आणि म्हणाले, "हे सगळं हिच्या डोक्यातून." टाळ्या झाल्या. दादा दाराशी उभा होता, बुटांना शेताची माती, म्हणून आत आला नव्हता. ताईने त्याच्याकडे बघितलं तर त्यानेही टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी ते सगळं गोडच वाटलं होतं.

चाचणीच्या सकाळी यंत्र दादाने चालवायचं ठरलं. बांधावर मालक, वेल्डर ठिणगी, आणि संस्थेच्या अध्यक्षबाई. बाई स्वतः शेतकरी, हाताला घट्टे आणि बोलणं मोजकं. रस्त्याकडच्या वीस ओळी यंत्राने अशा उचलल्या की मागे नुसती झाडलेली जमीन. तिन्ही तुकडे आपापले वरखाली होत होते, सतार वाजवणाऱ्याच्या बोटांसारखे. अध्यक्षबाई वाकल्या, मातीत बोटं फिरवली, चार-दोन शेंगा मिळाल्या. "पुरे," त्या म्हणाल्या. "पाहिलं मी. पसंत आहे."

इथेच संपलं असतं. पण दादाने वरून आवाज दिला, "अहो, ओढ्याकडची बाजूही बघा ना. अर्धं दाखवून कसं चालेल?"

ताईचा ऊर भरून आला. आपल्या बहिणीचं काम पुरतं दिसावं म्हणून हा माणूस जादा राबतोय, असं तिला वाटलं. देवा, काय काय वाटतं माणसाला.

ओढ्याकडच्या सातव्या ओळीत मधला तुकडा खाली उतरला, उतरला आणि स्लॉटच्या तळाशी जाऊन अडकला. खड्डा अजून खाली होता. दाते हवेतच फिरत राहिले, पीक तसंच मागे पडलं. आणि खड्ड्यातून बाहेर येताना समोरचा चढ इतका अंगावर आला की डावा तुकडा सरळ मातीत घुसला. कडकड करत अकरा दाते तुटले. डोक्याएवढा दगड पट्ट्यावरून आत गेला, आणि यंत्राच्या पोटातून जो आवाज आला तो ऐकून ठिणगीने कानावर हात ठेवले.

दादा खाली उतरला. सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "मी हिला सांगितलं होतं. मधला तुकडा तेवढा खाली जाणार नाही म्हणून. कागदावर काय, सगळंच छान दिसतं."

त्याने असं कधी, कधीही सांगितलं नव्हतं. ताईला वाटलं, घाबरलाय. एवढ्या लोकांत तोंडावर आपटल्यावर माणूस काहीही बोलून जातो. ती तुटलेले दाते गोळा करायला वाकली.

अध्यक्षबाईंनी आठ दिवस दिले. त्याहून जास्त थांबलं तर वाळलेल्या शेंगा शेतातच फुटल्या असत्या. परतताना मालक गाडीत म्हणाले, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. पण आठ दिवसांत नाही जमलं तर पिकअपचं काम मी दादाकडे देईन. त्याला जमीन कळते. तुम्ही नटबोल्टांचं टेबल सांभाळा." नटबोल्टांचं टेबल म्हणजे दाराजवळचं. तिथे बसलेला माणूस पुन्हा नवीन काही काढत नाही, हे कारखान्यातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई वही उघडून बसली. आपलं कुठे चुकलं ते शोधायचं होतं. आठव्या पानावर तिला तिचीच जुनी खूण दिसली. एक, चार, शून्य, साडेतीन. या आकड्यांपाशी तिने गंमत म्हणून उंटाची कुबडं काढली होती. मग तिला आठवलं की अशीच कुबडं तिने पुढेही कुठेतरी काढलीत. तेहेतिसाव्या पानावर. साडेतीन, शून्य, चार, एक.

त्या वेळी ती हसून दादाला म्हणाली होती, "ओढ्याकडेही तसंच कुबड आहे रे." आणि दादा म्हणाला होता, "जमीनच तशी."

तिने चाळिसावं पान काढलं आणि पहिल्या पानाशेजारी धरलं. मग एकोणचाळिसावं आणि दुसरं. ओढ्याकडच्या वीस ओळी म्हणजे रस्त्याकडच्याच वीस ओळी, शेवटापासून सुरुवातीकडे उलट्या लिहिलेल्या. एकही आकडा त्या जमिनीचा नव्हता. सहा महिने ती एका नसलेल्या शेतासाठी यंत्र काढत होती. आणि कुबडं दोनदा काढूनही तिला शंका आली नव्हती, कारण वही दादाची होती.

दुपारी ती दादाच्या घरी गेली. तो अंगणात पट्टीला तेल लावत बसला होता. आत वहिनीचं शिवणयंत्र चालू होतं. ताईने वही त्याच्या पुढ्यात ठेवली, दोन पानं उघडून.

दादाने पानं बघितली. मग त्याने डावा गुडघा चोळला.

"काय सांगू, चिमणे," तो म्हणाला. "वसंतात गुडघा असा सुजला होता की उभं राहवेना. वीस ओळी कशाबशा केल्या. पुढच्या झाल्याच नाहीत. सांगायची लाज वाटली. बारा वर्षांत एक ओळ चुकवली नाही मी, आणि आता काय सांगू, म्हातारा झालो म्हणून? म्हटलं जमीन तशीच असणार. उलटं उतरवलं."

आत शिवणयंत्र थांबलं. वहिनी दारात आली, दादाकडे बघितलं, ताईकडे बघितलं. "चहा टाकते," म्हणाली आणि आत गेली. पण चहा काही आला नाही.

"आणि काल का म्हणालास की ओढ्याकडे चालवतो?"

"मला काय माहीत तिकडे एवढं खोल असेल. तुझं काम पूर्ण दिसावं म्हणून म्हटलं."

"आणि ते, मी हिला सांगितलं होतं?"

"तोंडातून गेलं गं. घाबरलो." त्याचे डोळे भरले होते.

आता राग यायला हवा होता की नाही? पण ताईला आठवला तो दादा, जो तिच्या परीक्षेच्या दिवसांत सायकलवरून तिला सोडायला नऊ मैल जायचा. त्याचा गुडघा तिला आता दिसला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली, की इतक्या वर्षांत आपण एकदाही विचारलं नाही, दादा, पाय दुखतात का. ती तिथून तडक कारखान्यात गेली आणि मालकांना म्हणाली, "चूक माझी आहे. ओढ्याकडचे आकडे वहीतून उतरवताना मीच घोळ घातला. दादाचा काही संबंध नाही." मालकांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेतून आपण उतरलो हे तिला त्याच क्षणी कळलं. कळून सवरून तिने ते पत्करलं. भावासाठीच तर.

"मीच चालते आता ओढ्याकडच्या ओळी," ती त्यांना म्हणाली. दादाची पट्टी तिने मागून घेतली. देताना तो म्हणाला, "कशाला एवढी उरस्फोड, अंदाजाने ठेव ना सात-आठ इंच." ती म्हणाली, "अंदाजानेच तर फसलो ना आपण." आपण, असं म्हणाली ती.

तिसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या गाडीने तिला शेतावर सोडलं. पट्टी खांद्यावर, काठी हातात, पिशवीत वीस नव्या खुंट्या आणि लाकडी हातोडा. सुरुवातीच्या दिवसांत दादाबरोबर ती अशी खूप चालली होती, पण आता कंबरेने सोळा ठिकाणी तक्रार केली. पट्टी टाकायची, वाकायचं, काठी घालायची, लिहायचं, उठायचं. पहिल्याच ओळीला दोन तास लागले. सगळ्यात खोल खड्डा निघाला पाच इंच. तिने पिशवीतून खुंटी काढली, त्यावर पाच खाचा पाडल्या, आणि ती ठोकायला ओढ्याच्या बांधाकडे गेली. बांधावर गवत कमरेएवढं वाढलेलं. तिने ते हाताने बाजूला केलं.

तिथे एक खुंटी आधीच होती.

लाल डोकं पावसापाण्याने थोडं फिकटलेलं. तिच्यावर खाचा. ताईने बोटाने मोजल्या. पाच. आणि सगळ्या उलट बाजूला कललेल्या.

ती मिनिटभर तशीच वाकून राहिली. मग चालत पुढे गेली, दुसऱ्या ओळीच्या टोकाला, आणि गवत बाजूला केलं. खुंटी होती. तिसऱ्या ओळीला होती. चौथ्या. ती जवळजवळ धावत सुटली, गवताने हात कापले तरी तिला कळलं नाही. सातव्या ओळीच्या टोकाला, जिथे अकरा दाते तुटले होते, तिथल्या खुंटीवर सात खाचा होत्या. पाच इंचांच्या स्लॉटला सात खाचा. विसावी खुंटी ओढ्याच्या अगदी कडेला, सरळ, नीट, चांगली खोलवर ठोकलेली. सुजलेल्या गुडघ्याचं काम नव्हतं ते.

म्हणजे तो चालला होता. सगळ्याच्या सगळ्या वीस ओळी चालला होता, वाकला होता, मोजल्या होत्या, खाचा पाडल्या होत्या. खरे आकडे त्याच्याकडे होते. आणि ते हातात असताना त्याने तिला खोटे लिहून दिले होते.

ताई बांधावर बसली आणि रडली. हुंदके देऊन रडली, कारण ऐकायला कुणी नव्हतं. चुकला असता तर तिने पोटात घातलं असतं, घातलंच होतं. आळस केला असता, दारू पिऊन पडला असता, तरी चाललं असतं. पण ज्या हाताने तिला रेघ धरायला शिकवलं, त्याच हाताने सावकाश, एकेक आकडा उलटा करून वीस पानं भरली होती. आणि मग यंत्रावर बसून, पसंत आहे म्हणणाऱ्या बाईला तो म्हणाला होता, ओढ्याकडची बाजूही बघा ना. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि ते करताना डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं त्याने. काल आपण मालकांपुढे मान खाली घातली ती या माणसासाठी. ते आठवलं आणि तिचं रडणं एकदम थांबलं.

मग तिने काय करावं? तिने आणखी दोन ओळी स्वतः चालून बघितल्या, दोन्ही आकडे खुंट्यांशी जुळले. उरलेल्या ओळींना तिने पट्टी लावलीच नाही. दादाचं मोजमाप होतं ते, त्यात फरक निघणं शक्य नव्हतं. तिने खुंट्यांवरच्या खाचा वहीत उतरवल्या, एकेक खुंटी हलवून हलवून उपटली, जागेवर आपल्या पिशवीतली नवी ठोकली, आणि वीसच्या वीस जुन्या खुंट्या ओढणीत बांधून घरी आणल्या.

पुढचे पाच दिवस कारखान्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. नुसता स्लॉट लांब करून भागणारं नव्हतं. तुकडा आठ इंच उतरायचा तर त्याला फिरवणारा दांडाही तेवढाच लांबला पाहिजे, म्हणून तिने एकात एक सरकणारा दांडा काढला. चढावर तुकडा मातीत घुसू नये म्हणून छोटं चाक आणखी एक हात पुढे सरकवलं आणि उचलायला स्प्रिंग घातली. ठिणगी वेल्डिंग करता करता म्हणाला, "ताई, काल काढलेलं आज बदलता, आज काढलेलं उद्या. लोखंडाला पण काही मन असतं." ती म्हणाली, "त्याला असतं, म्हणून तर ते सांगून तुटतं." ठिणगी हसला. त्याला काही कळलं नाही, आणि तिनेही कळू दिलं नाही. दादा रोज टेबलाशी येऊन विचारायचा, "चाललीस का सगळ्या ओळी?" ती म्हणायची, "झालं." खुंट्यांविषयी ती चकार शब्द बोलली नाही.

आठव्या दिवशी मालक म्हणाले, "या वेळी ठिणगीला चालवू द्या."

"नको," ताई म्हणाली. "दादाच चालवेल."

दादाने लगेच गुडघ्यावर हात ठेवला. "माझा पाय आज—"

"मी आहे ना शेजारी," ती म्हणाली, आणि त्याच्या आधी यंत्राच्या पायरीवर चढून उभी राहिली.

सरळ ओढ्याकडे नेलं त्यांनी यंत्र. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. दादा समोर बघत होता, ताई दादाच्या हातांकडे. सातव्या ओळीत त्याने वेग वाढवायला दांड्याला हात घातला. ताईने नुसता आपला हात त्याच्या हातावर ठेवला. त्याने हात काढून घेतला. मधला तुकडा उतरला. चार इंच, पाच, सहा, सात. दाते तळाशी टेकले, मसूर उचलला, आणि चढ आला तसा डावा तुकडा आपणहून मान वर करून निघून गेला. मागे झाडलेली जमीन. विसाव्या ओळीच्या टोकाला यंत्र थांबलं तेव्हा अध्यक्षबाई पूर्ण ओळ चालत आल्या होत्या. मूठ उघडून त्यांनी दाखवलं. तीन शेंगा.

"आठ दिवसांत एवढी नेमकी जमीन कशी कळली तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

ताईने गाडीतून ओढणीचं गाठोडं आणलं आणि सगळ्यांसमोर सोडलं. लाल डोक्याच्या वीस खुंट्या. "दादाने मोजली होती," ती म्हणाली. "वसंतातच. ओळ न् ओळ. बघा, खाचा त्याच्याच आहेत, डावखुऱ्या. माझ्या नकाशात चुकीचं उतरलं. याच्या मोजण्यात अर्ध्या इंचाची चूक नव्हती."

अध्यक्षबाई खूश झाल्या. मालकांनी दादाची पाठ थोपटली. "अरे, मग पहिल्या चाचणीच्या वेळी बोलला का नाहीस, खुंट्यांवर सात खाचा आहेत म्हणून?" त्यांनी अगदी सहज विचारलं. खुंट्यांकडे दादा असा बघत होता, जणू त्या त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिल्या.

लोक पांगले तेव्हा दोघंच यंत्रापाशी उरले.

"मी विसरूनच गेलो त्या," दादा हळू आवाजात म्हणाला. "हात सवयीने ठोकत गेला. तेव्हा मनात काही नव्हतं, खरंच. चालून आलो त्या आठवड्यात तुला टाळ्या मिळाल्या. मी दारात. बारा वर्षं पट्टी वाहिली, चिमणे, आणि हे सगळं हिच्या डोक्यातून. मला वाटलं एकदा तुझं अडावं. मग मी खरी वही काढेन, आणि मालक एकदा तरी वळून मला विचारतील, दादा, आता काय करायचं."

"मी तुमचं नाव मालकांसमोर जपलं," ताई म्हणाली. "त्याच दिवशी. चूक माझी म्हणून सांगितलं."

तो 'तुमचं' या शब्दावर अडखळला. "मला माहीत आहे," तो म्हणाला.

"माहीत होतं?"

"मालकांनीच सांगितलं त्या दिवशी."

म्हणजे पाच दिवस तो रोज टेबलाशी येऊन, ते माहीत असताना, चहाचा कप हातात घेऊन उभा राहत होता. ताईला वाटलं होतं की बांधावरच सगळं रडून झालंय. झालं नव्हतं.

"आता पुढचं शेत कधी?" दादाने विचारलं. तो पट्टीकडे हात नेत होता, पूर्वीसारखाच, जणू ती आपोआप त्याच्या खांद्यावर जाणार.

ताईने पट्टी आधी उचलली. "तुम्ही कशाला त्रास घेता," ती म्हणाली. "गुडघा दुखतो ना तुमचा."

आता शेत ताईच चालते आणि ताईच काढते. तिच्या खाचा सरळ असतात. मालकांनी दादाला दाराजवळचं नटबोल्टांचं टेबल दिलं, बसून करायचं काम म्हणून, आणि सगळे त्याची चौकशी करतात, दादा, गुडघा कसा आहे. तो बरा आहे म्हणतो. कधी घाईत उठून सरळ चार पावलं टाकतो, मग ताई समोरून येताना दिसली की त्याला आठवतं आणि तो लंगडायला लागतो. ताई वाट सोडून बाजूला उभी राहते आणि त्याला आधी जाऊ देते, परक्या म्हाताऱ्या माणसाला देतात तशी.